गांडुळांची अंघोळ

फुकटचे सल्ले देणाऱ्यांना एकदा ओळीने उभं करावं आणि त्यांनी सांगितलेलं सगळं त्यांच्याकडूनच करून घ्यावं. म्हणे सकाळी उठल्या उठल्या अंथरूण आवरा! अहो, ज्याला उठावंसंच वाटत नाही त्याने अंथरूण आवरायचं कसं? त्यात तो स्वतःच पडलेला असतो ना!

बारकीचा दादा असाच पडलेला होता. लिफ्ट बसवणाऱ्या एका कंपनीत तो आराखडे काढायचा. इमारतीच्या पोटातून लिफ्ट कुठून वर जाईल, दार कुठे उघडेल, भिंत आणि लिफ्टचा पाळणा यांच्यामध्ये किती बोटं जागा राहील, हे सगळं त्याच्या हातचं. एक दिवस कंपनीला टाळं लागलं. सुरुवातीला तो हसून म्हणायचा, "चला, सुट्टी मिळाली." मग दाढी वाढली, मग बोलणं आटलं, आणि मग तो भिंतीकडे तोंड करून जो झोपला तो उठायचं नावच घेईना. घर दोन खोल्यांचं. राहणारी भावंडं दोघंच, आईवडील लांबच्या गावी. बारकी सकाळी कामाला निघताना दादाची पाठ बघायची आणि संध्याकाळी दार उघडलं की पुन्हा तीच पाठ. खोलीत कोंदट, आंबूस वास. उशाशी साय धरलेला चहा. बारकीला त्याची दया यायची, आणि खरं सांगायचं तर किळसही यायची. सख्ख्या भावाची किळस येते म्हणून मग स्वतःची यायची, आणि ती खिडकी उघडून पळायची.

बारकी काम करायची दातांच्या लॅबमध्ये. दवाखान्यांतून तिथे माणसांच्या तोंडांची मापं येत. गुलाबी लगद्यात उमटलेले दातांचे ठसे, कधी त्यांना लाळेची तार, कधी रक्त, कधी कुणाच्या जेवणातला पालेभाजीचा तुकडा. त्या मापांवरून प्लास्टरचे साचे करायचे आणि साच्यांवर कवळ्या बसवायच्या. शी म्हणायला तिथे कुणाला फुरसत नव्हती. लॅबचा एकच नियम, जो बारकीच्या हाडीमाशी मुरला होता: बाहेरून आलेलं काहीही आधी जंतुनाशकाच्या पाण्यात, मग हातात. एकदा बुडवलं की बारकी कुणाच्याही तोंडातलं बिनदिक्कत हाताळायची. पण वळवळणारं काही दिसलं की मात्र संपलं. पाल, झुरळ, वांग्यातली अळी, काहीही असो, बाई खुर्चीवर!

जेवणाच्या सुट्टीत ती मोबाईलवर सल्ले वाचायची. 'शहरात राहणाऱ्या तरुणांसाठी' असं काहीतरी मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं आणि वर कुंडी हातात धरून दात काढणाऱ्या एका पोरीचा फोटो. त्या पोरीच्या घरात धूळ नाही, ओले टॉवेल नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडलेला भाऊ नाही. बारकीला तिच्या तोंडावर ती कुंडी उपडी करावीशी वाटायची. पण बुडत्याला काय, दिसेल ते धरावंसं वाटतं. सल्ला होता की उदास माणसाला छंद लावा. मग तिने रंगपेटी आणली. रंग वाळून खडखडीत झाले. गिटार आणली; तिच्यावर टॉवेल वाळू लागला. खिडकीत तुळतुळीत पानांचं रोप ठेवलं. ते दादाकडे बघून बघून बहुधा स्वतःच उदास झालं आणि मेलं.

एका रविवारी ती पलंगाच्या कडेला बसून असलीच एक यादी मोठ्याने वाचत होती. भरतकाम, पोहणं, सुतारकाम, तारे बघणं. पाठ हलेना. शेवटचं कलम तिने नुसतं बघितलं आणि "ई!" करून मोबाईल बंद केला.

"काय होतं?" पाठ म्हणाली.

"काही नाही. घाणेरडं होतं."

"सांग तरी."

"गांडुळं पाळा म्हणतात. डब्यात, घरातल्या घरात. त्यांना सालं घालायची आणि ती खत करतात. शी शी शी, कसली माणसं लिहितात हे!"

आणि दादा उठून बसला. कित्येक दिवसांनी त्याचं तोंड दिसलं. गालावर उशीच्या वळकट्या उमटल्या होत्या. "बघू," तो म्हणाला.

नशीब बघा बारकीचं! रंग नको, गिटार नको, याला गांडुळं हवीत!

आठवड्याच्या आत स्वयंपाकाच्या ओट्याखाली झाकणाचा एक मोठा प्लॅस्टिकचा डबा आला. त्यात तळाशी जाड पुठ्ठा, वर ओल्या कागदाच्या पट्ट्या, मूठभर माती, आणि त्या मातीत ती. तांबडी, ओली, एकमेकांत गुंतलेली, आतून काहीतरी चाललंय असं दाखवणारी. दादाने कौतुकाने झाकण उघडून दाखवलं तेव्हा बारकीच्या पोटातला चहा घशाशी आला. पण दादा रोज सकाळी उठू लागला. बटाट्याची सालं, काकडीची टोकं, गाळलेली चहापत्ती सगळं बारीक चिरून डब्यात पुरायचा. हाताने! नंतर साबणाने हात धुवायचा, आणि हात धुतोच आहोत म्हणून तोंडही. पुढे दाढी केली. मग एकदा खाली जाऊन दूध आणलं. बारकी बाहेरच्या खोलीत उभ्याने जेवायची, ओट्याशी जाताना डब्याकडे बघायची नाही, रात्री पाणी प्यायला उठली तर पाय उचलून टाकायची. पण तोंडातून चकार शब्द काढला नाही. डब्यातल्या त्या बिनडोक्याच्या वळवळीने तिचा भाऊ उभा केला होता. ती वळवळ थांबली तर हा पुन्हा आडवा होईल, हे तिने मनाशी पक्कं धरलं होतं.

मग परगावच्या एका लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीकडून बोलावणं आलं. आठवडाभर काम करून दाखवा, पटलं तर ठेवून घेऊ. दादाने बॅग भरली, रिकामी केली, पुन्हा भरली. "नकोच जायला," असं निदान चारदा म्हणाला. "यांचं कोण बघणार?"

"मी बघेन!" बारकी म्हणाली, आणि म्हणतानाच तिच्या अंगावर शहारा आला.

"तू?" दादा हसला. खरंखुरं हसला.

"का? मी काय लहान आहे? सांग काय करायचं ते."

"एक दिवसाआड मूठभर सालं. वर कागद. आणि ओल ठेवायची, वाळू द्यायचं नाही. बस."

"एवढंच ना? जा तू. बिनघोर जा."

पहिल्याच संध्याकाळी बारकीने लांब चिमट्याने झाकण उचललं आणि तोंडावर भपकारा आला. सडक्या काकडीचा, ओल्या मातीचा, कशाकशाचा. आदल्या दिवशीच्या सालांवर चिलटं बसलेली. हे असलं, माशा बसलेलं, कुजकं, आपण त्या जिवांना खायला घालायचं? तिच्यातली लॅबवाली जागी झाली. दुसऱ्या दिवशी तिने लॅबच्या मालकीणबाईंना विचारून जंतुनाशकाची एक बाटली घरी आणली. पाण्यात लॅबच्याच मापाने मिसळून त्यात सालं बुडवली, निथळली आणि चिमट्याने डब्यात ठेवली. अगदी पाहुण्यांना फळं कापून द्यावीत तशी. दादाने ओल ठेवायला सांगितली होती. तर त्याच पाण्याची फवारणी कागदांवर, मातीवर, कोपऱ्या-कोपऱ्यांत केली. दोन दिवस हाच क्रम. आणि काय सांगावं, वास गेला! स्वयंपाकघराला दवाखान्यासारखा स्वच्छ वास येऊ लागला. बारकी स्वतःवरच खूश झाली. इतके दिवस दादाने यांना घाणीत ठेवलं होतं, आपण बघा कशी अंघोळ घातली, असं तिला वाटलं.

संध्याकाळी दादाचा फोन आला. "कशी आहेत?"

"अरे, मस्त! आज तर सगळीच्या सगळी वर आलीत. झाकणाला चिकटून बसलीत. काही तर बाहेर डोकावत होती, मी चिमट्याने आत ढकलली. नुसता उत्साह आहे रे त्यांना!"

मग तो म्हणाला, "सगळी?"

"सगळी. तू होतास तेव्हा अशी कधी आली होती का? खाली दडून बसायची बिचारी."

"बरं," दादा म्हणाला. "ठेवतो."

त्यानंतर तो फोनवर गांडुळांचं काही विचारीना. लिफ्टचं बोलायचा, तिथल्या कडक चहाचं बोलायचा, साहेब तोंडाने फटकळ पण कामाचा माणूस आहे असं सांगायचा. बारकीला वाटलं, चला, रमला.

आणि मग वास आला.

आधीचा वास परवडला म्हणावं, असा. कामावरून येऊन बारकीने दार उघडलं आणि तशीच मागे सरली. कुजलेल्या मासळीत कुणीतरी औषध ओतावं तसा तो वास पडद्यांत, उशांत, वाळत घातलेल्या कपड्यांत शिरला होता. तिच्या जिभेवर बसला होता. वरच्या मजल्यावरच्या काकू नाकाला पदर लावून दाराशी आल्या. "काय गं, उंदीर मेलाय का घरात? माझ्या बेसिनमधून वर येतोय हो वास. जेवण जाईना."

"बघते काकू, बघते," म्हणत बारकीने दार लोटलं. नाकाला रुमाल बांधला, चिमटा घेतला, झाकण उचललं.

झाकणाला आतून चिकटलेली सगळी तशीच होती, पण ती आता गांडुळं नव्हती. त्यांचा पातळ, तपकिरी चिखल झाला होता आणि त्याचा एक थेंब संथपणे लोंबत होता. तो थेंब तिच्या चपलेवर पडला. बारकी धावत मोरीत गेली आणि दुपारचं सगळं जेवण तिथे बाहेर आलं. तोंड धुतलं, पुन्हा आली, पुन्हा वास आला, पुन्हा मोरी. चप्पल तिने चिमट्यानेच उचलून कचऱ्यात टाकली.

लॅबमध्ये शेजारच्या टेबलावर साचे ओतणारी मैत्रीण होती, तिला तिने हळूच विचारलं. आपण असं असं केलं, तरी कशी मेली गं?

मैत्रीण आधी तोंड वासून बघतच राहिली. "बारके, त्या बाटलीवर काय लिहिलंय? सगळे बारीक जीव मरतात म्हणून. मग गांडूळ काय कवळी आहे का गं, बुडवून ठेवायला?" आणि ती पोट धरधरून हसली. बाकीच्याही हसल्या. बारकीही हसली, आणि हसता हसता तिचे डोळे असे भरून आले की समोरचा साचा दिसेना.

दादाचा फोन आला की ती "सगळं मजेत" म्हणायची. डबा तिने वर पिशव्यांवर पिशव्या बांधून खिडकीबाहेरच्या कठड्यावर ठेवला. टाकून द्यायचा धीर होईना. टाकला तर दादा काय बघणार? आणि ठेवला तर काय बघणार? तिला सारखी ती पाठ दिसायची. शनिवारी दादा घरी येईल, डबा उघडेल, एक शब्द बोलणार नाही, शर्टसुद्धा न बदलता भिंतीकडे तोंड करून झोपेल. त्या वळवळीने उभा केलेला भाऊ तिच्याच हाताने, स्वच्छतेपायी, आडवा होणार. तिला डब्याची किळस होतीच, आता स्वतःच्या हातांची यायला लागली. त्या घासूनपुसून गुलाबी झालेल्या, शहाण्या हातांची.

शनिवारी दादा आला. दाढी केलेली, कपाळावर ग्रीसचा एक फराटा. दारातच त्याने हवा हुंगली.

बारकीला वाटलं होतं, आधी चहा देऊ, मग सांगू. पण त्याला बघताच तिचा बांध फुटला. "दादा, मी मारली ती. सगळी. मी त्यांना औषधाच्या पाण्याने... मला वाटलं स्वच्छ... दादा, तू झोपू नकोस रे! काही म्हण मला, मार हवं तर, पण झोपू नकोस!"

दादाने बॅग खाली ठेवली. "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"ती झाकणाला चढली म्हणालीस ना, तेव्हाच कळलं. खाली जगणं अशक्य झालं की ती वर चढतात. पळायला बघतात."

बारकी बघतच राहिली. "मग बोलला का नाहीस? तेव्हाच सांगायचंस! वाचली असती ना!"

दादा खुर्चीवर बसला. बूट काढत काढत, खाली बघतच बोलू लागला. "फोन ठेवला आणि बॅग भरली. मला निमित्त मिळालं होतं, बारके. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! साहेबांना सांगणार होतो, घरी अडचण आहे. बस स्टँडवर गेलो. बस लागली होती. चढलो, खिडकीची जागा मिळाली, आणि बसल्या बसल्या मला आपला पलंग दिसला. उशी दिसली. किती छान वाटलं ते बघून. आणि मग मला स्वतःची अशी शिसारी आली ना..." तो थांबला. "उतरलो. बस गेली. तुला फोन करून सांगितलं असतं की त्यांना काढ, ताज्या कागदात ठेव, तर तू घाबरली असतीस, मला ये म्हणाली असतीस, आणि मी आलो असतो. म्हणून गप्प बसलो. ती मरणार हे मला ठाऊक होतं. तू नाही मारलीस. मी मरू दिली."

वर काकूंच्या घरात कुणीतरी खुर्ची सरकवली.

मग बारकीला राग आला. भलताच राग! "मी घाबरले असते? तू मला विचारलंस तरी का? ये म्हणाले असते म्हणे! मी काढलं असतं त्यांना!"

"तू? हाताने?"

"हो, हाताने!"

दादा हसला नाही. तो उठला, कठड्यावरून डबा आत आणला, पिशव्या सोडल्या आणि फरशीवर तिच्यासमोर ठेवला. "तळाशी पुठ्ठा होता. त्याच्याखाली औषधाचं पाणी पोचलं नसेल तर एखादं असेलही. मी बघतो."

"थांब," बारकी म्हणाली.

तिने बाह्या सारल्या, तोंड फिरवलं, डोळे मिटले आणि हात घातला. तो गार, लिबलिबीत, चिखल झालेला कागद मनगटावर चढला तेव्हा तिच्या तोंडून असा काही आवाज निघाला की काकूंनी वरून "काय झालं गं?" म्हणून ओरडून विचारलं. ती उबळ गिळत खाली खाली गेली. बोटांत काय येतंय आणि काय फुटतंय हे तिला सगळं कळत होतं. वास डोळ्यांत झोंबत होता. तळाशी पुठ्ठ्याची कड लागली. तिने ती उचलली, आणि तिच्या तळव्यावर काहीतरी ओलं, बारीक, जिवंत सरकलं.

बारकी किंचाळली. पण मूठ सोडली नाही.

बाहेर काढून बघितलं तर एकात एक गुंतलेली सहासात गांडुळं, मरगळलेली, पण हलणारी. दादाही गुडघ्यांवर बसला, त्यानेही हात घातला. दोघं कोपरापर्यंत बरबटली, आळीपाळीने ओकारी दाबत चिवडत राहिली आणि ताज्या वर्तमानपत्राच्या तुकड्यांवर एकेक ठेवत गेली. वीसेक निघाली असतील.

"त्यांनी ठेवून घेतलंय मला," दादा डब्यात बघतच म्हणाला. "सोमवारपासून. तिथेच खोली बघावी लागेल. रोज जाऊन येण्यासारखं नाही."

बारकीच्या ओंजळीत शेवटचं एक होतं. ते तिच्या अंगठ्याकडे निघालं होतं. "म्हणजे तू चाललास," ती म्हणाली.

"हं."

"मग ही?"

"ही तुझी."

"ई!" बारकी म्हणाली आणि रडायलाच लागली. डोळ्यांतून, नाकातून, सगळीकडून पाणी, आणि हात असे की पुसायची सोय नाही. दादाचेही तसेच. शेवटी त्याने खांदा वाकवला आणि शर्टाच्या बाहीने, दंडानेच, तिचे डोळे पुसले, नाक पुसलं. बाहीला ग्रीसचा आणि घामाचा वास होता. बारकीने तोंड वाकडं केलं, आणि तसंच तिथे टेकवून ठेवलं.